जिचं हत्यार, तिचा ओटा

‘हत्यार’ म्हणजे त्या बायकांना काय म्हणायचं होतं, ते मला ठाऊक होतं. फौजदारानं विचारलं तेव्हाही ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही आणि देवाजवळही नाही, कारण देवासमोर उभा राहिलो की मी घरच्यांसाठी काही ना काही मागत बसतो. माझ्याबद्दल बोलायची वेळच येऊ देत नाही.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले. समुद्रावरचा ओला वारा पडला आणि जमिनीकडून कोरडा, हलका वारा सुटला. हा वारा सुटला की आमच्याकडे सुकेळ्यांचे दिवस येतात. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, बांबूच्या तट्ट्यांवर एकेक सुटी मांडायची आणि सहा-सात उन्हं खाऊ द्यायची. पहिल्या दिवशी ती पिवळट, ओली, लाजरी दिसतात. तिसऱ्या दिवशी अंग चोरतात. सहाव्या दिवशी मधाच्या रंगावर येतात आणि अंगणात असा काही वास भरतो की रस्त्यानं जाणारा माणूस पाऊल आखडतो. आभाळ भरून आलं तर सगळं फुकट. सुकेळी काळी पडतात. म्हणून या दिवसांत आमच्या घरी जो तो बोलता बोलता वर बघतो.

काल दुपारी वहिनी अशीच अंगणात केळी सोलत बसली होती. माझी वहिनी सुभद्रा, थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन दहा वर्षं झाली. ती डाव्या हातानं सोलते. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. केळ तळहातावर आडवं धरायचं, ती दोन ताठ बोटं नुसती टेकू म्हणून लावायची आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं साल ओढायची. इतक्या वर्षांत तिला ते असं साधलंय की नवख्याला वाटावं, ती जन्माची डावरी आहे. ती डावरी नाही. सुकेळ्यांचा हंगाम सोडला तर ती बोटं मला फारशी दिसत नाहीत. या दोन-तीन महिन्यांत मात्र ती माझ्या डोळ्यांसमोर दिवसभर असतात, उन्हात.

मधमाश्या घोंगावत होत्या. वहिनी मान वर न करता म्हणाली, “भाऊजी, आता म्हणे बायकांच्या नावावर ओटा होतो.”

“कोण म्हणालं?”

“बाजारात सगळ्याच म्हणतात. भुईगावच्या दोघींचा झाला. यांच्या नावचा आहे तो माझ्या नावावर करून द्या ना. एक अर्ज लिहा. तुमचं अक्षर बघून कमिटी नाही म्हणणार नाही.”

मी म्हणालो, “बघतो.”

मी फार कमी बोलतो, असं लोक म्हणतात. मास्तर सोशिक आहेत, असंही म्हणतात. लोकांना काय ठाऊक!

दहा वर्षांपूर्वीचा हाच हंगाम. स्वातंत्र्य येऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. मी बत्तीस वर्षांचा, गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर. श्रावणात दादा गेला होता, तीन दिवसांच्या तापानं. घरात सुतक फिटलं तरी सगळे हळू आवाजात बोलायचे. वहिनीनं मात्र महिन्याभरात पाटी डोक्यावर घेतली आणि बाजारात ओट्यावर जाऊन बसली. ती पहिल्यापासूनच बसायची. दादाचं काम केळीचे लोंगर उतरवून देण्यापुरतं. विकायची ती.

सगळ्या बाजाराची हीच तऱ्हा होती. कळंब आणि पाचूबंदरहून मासळी यायची, भुईगावच्या वाड्यांतून भाजी आणि विड्याची पानं, गासहून वाल आणि तांदूळ. दगडी ओट्यांच्या दोन रांगा, आणि त्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बायका. पण प्रत्येक ओट्याची बाजार कमिटीनं दिलेली चिठ्ठी असे, आणि ती पुरुषाच्याच नावावर होई. ओट्यावर बाई, चिठ्ठीवर बाप्या. याचं कोणाला काही वाटत नव्हतं. मलाही नाही.

पाचूबंदरची कातरीन मावशी मासळी विकायची. तिचा नवरा बोटीवर खलाशी म्हणून गेला तो सहा वर्षांत परतला नाही. त्या साली नवऱ्याचा पुतण्या एकाएकी उगवला. चिठ्ठी काकाच्या नावची, काका नाही, म्हणजे ओटा माझा, ऊठ. भर बाजारात तो तिच्यासमोर उभा राहिला. कातरीन मावशी एक मोठा रावस कापत होती. तिनं कोयती त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, “ये, बस. हा रावस काप. तुझ्या काकाचा ओटा ना? काप. बाया बघतात तुला.” तो कापणार काय! रावसाची शेपटी कुठली आणि मान कुठली एवढंच त्याला कळत असेल. बाजार हसला, पुतण्या गेला. पण चार दिवसांनी कमिटीचा कागद आला, ओटा खाली करा म्हणून.

तिथून सुरुवात झाली. एका दुपारी आठ-दहा बायका आमच्या अंगणात येऊन बसल्या. तट्ट्यांवर सुकेळी होती आणि त्यांच्या पाट्यांना मासळीचा वास होता. माझी बायको नाकाला पदर लावून आत गेली. वहिनीनं सगळ्यांना पाणी दिलं.

“मास्तर, लिव,” कातरीन मावशी म्हणाली. “एक कागद कमिटीला, एक फौजदाराला. नायतर उद्या म्हनतील, विचारलं नाय.”

“काय लिहू?”

“लिव की येत्या बाजाराच्या दिवशी आमी बायका तळ्याकाठी बसनार. दुपारची. भाषन करायला मुंबईची एक बाय येनार हाय. ओटा आमच्या नावावर पायजे, हे आमचं मागनं. आनि परतेक बाईनं आपापलं हत्यार घेऊन यायचं.”

“हत्यार?”

“मग? ही माझी कोयती. तुझ्या वहिनीची सुरी. ही गासवाली, तिचा विळा. कोनाच्या हाताला घट्टे हायत ते समद्यांना दिसू दे. माझ्या घोवाला बोंबील सरळ धरता येत नव्हता, नि ओटा त्याच्या नावचा! जिचं हत्यार, तिचा ओटा. असंच लिव.”

गासची म्हातारी म्हणाली, “खायला बरा येत होता गो बोंबील त्याला.”

“खायला येत होता, म्हनून तर लगीन केलं!” कातरीन मावशी म्हणाली, आणि त्या सगळ्या अशा हसल्या की सुकेळ्यांवरच्या माश्या उठल्या. वहिनीही हसली. श्रावणानंतर पहिल्यांदा.

मग नावं. ही एक गंमतच झाली. मी म्हटलं, प्रत्येकीनं आपलं नाव सांगा, मी लिहितो, त्यासमोर अंगठा करा. पहिलीनं नवऱ्याचं नाव घ्यायचं समजून तोंड झाकून घेतलं. दुसरी म्हणाली, मला पावलूची आय म्हनतात. म्हटलं, ते नको, तुमचं स्वतःचं. तिनं खूप आठवलं. “घरात अगो म्हनतात.” शेवटी तिला चर्चमध्ये दिलेलं नाव आठवलं, आणि ते कागदावर उमटलं तेव्हा ती त्या अक्षरांकडे अशी बघत राहिली जणू तिथं कोणी पाहुणी आली आहे. मास्तरकीत मी शेकडो मुलांची नावं पटावर लिहिली; त्या दुपारी लिहिली तशी नावं पुन्हा लिहिली नाहीत.

‘सर्व स्त्रिया आपापल्या हत्यारांसह जमणार आहेत.’ हे वाक्य लिहिताना माझा टाक क्षणभर थांबला होता. ‘अवजारांसह’ लिहावं असं मनात आलं होतं. आमच्या भागात कामाच्या कुठल्याही वस्तूला हत्यार म्हणतात. सुताराचा रंधा हत्यार, शेतकऱ्याचं खुरपं हत्यार. पण कागदावर आलं की तो शब्द बदलतो, हे मास्तराला कळायला हवं. मला कळलं. तरी मी म्हटलं, तिचा शब्द आहे, तिचाच राहू दे. त्या वेळी माझ्या मनात पाप नव्हतं. ते मी शपथेवर सांगतो. त्या वेळी नव्हतं.

दोनच दिवसांनी कमिटीचा कारकून मला शाळेच्या वाटेवर भेटला. भला माणूस. म्हणाला, “मास्तर, तुम्हीच या बायकांना अर्ज लिहून देता, आणि तुमच्या घरच्या ओट्याचं काय? चिठ्ठी अजून तुमच्या दादांच्या नावावर आहे. उद्या कमिटीनं ऐकलं बायकांचं, तर ओटा गेला वहिनीच्या नावावर. वहिनी तरुण आहेत. माहेरी गेल्या तर?”

शाळा सुटल्यावर घरी आलो. वहिनी तट्टे सारखे करत होती, सावली सरकली की ती तट्टे सरकवायची. मी आत बसून दुसरा अर्ज लिहिला. त्याच टाकानं, त्याच दौतीतल्या शाईनं. ज्येष्ठ बंधू मयत झाल्याने चिठ्ठी माझ्या नावे व्हावी. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तो कारकुनाच्या हातात दिला. दोन दिवसांत चिठ्ठी माझ्या नावावर झाली.

घराचा ओटा घरात राहावा, असं मी मनाला सांगितलं. मन मास्तरासारखंच असतं. पाठ करून दिलेलं उत्तर ते मुकाट्यानं म्हणतं.

सभेच्या आदल्या सकाळी फौजदारानं मला चौकीवर बोलावलं. देशावरचा माणूस, बोलायला सभ्य. दारूबंदीच्या धाडींनी त्याचे शिपाई दमलेले होते. एक जण बाकावर बसल्या बसल्या पेंगत होता. फौजदारानं मला खुर्ची दिली. कागद पुढे केला.

“अक्षर तुमचं, मास्तर?”

“हो.”

“सुंदर आहे. सरकारी नोकरीत असून असले अर्ज लिहिता, त्याचं मी मनावर घेत नाही. लोक येतात, लिहून द्यावं लागतं. एवढंच सांगा. हे ‘हत्यारांसह’ म्हणजे काय म्हणायचंय यांना?”

त्यानं नीट विचारलं होतं. दटावलं नव्हतं. माझं उत्तर ऐकायला तो थांबला होता. ‘साहेब, मासळी कापायची कोयती. भाजीचा विळा. आमच्याकडे कामाच्या वस्तूला हत्यार म्हणतात.’ एवढीच तीन वाक्यं. वर्गातल्या ढ पोरालाही सांगता आली असती.

मी म्हणालो, “त्यांनी जसं सांगितलं, तसंच मी लिहिलं, साहेब.”

“म्हणजे हत्यारंच.”

मी गप्प राहिलो.

नोकरीची भीती होती, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. भीती होती, ते खोटं नाही. पण त्या खुर्चीवर बसलो असताना माझ्या डोळ्यांसमोर नोकरी नव्हती. चिठ्ठी होती. सभा झाली, बायकांचं ऐकलं गेलं, तर माझा अर्ज उघडा पडणार होता. सभा झालीच नाही तर बरं, असं मला वाटलं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय, आणि लिहून झाल्यावर ते एवढंसंच दिसतं.

दुसऱ्या दिवशीचं ऊन मला अजून आठवतं. सुकेळ्यांना हवं तसं, पांढरं, कोरडं, एक ढग नाही. बाजार उठल्यावर बायका तळ्याकाठी येत गेल्या. पाट्या उतरवून पुढ्यात ठेवल्या आणि पाटीवर आडवं आपापलं हत्यार. साठ-सत्तर असतील. मुंबईची बाई अजून पोचली नव्हती. आम्ही पुरुष पलीकडे डेरेदार भेंडीच्या झाडाखाली उभे होतो, विडी ओढत, थट्टा करत. ‘आता घरी जेवण कोण रांधणार’ वगैरे. सभाबंदीचा हुकूम सकाळीच निघाला होता म्हणतात. तो बायकांना कोणी वाचून दाखवला नव्हता.

पाहुणी येईना, तेव्हा कातरीन मावशीच उठली. तिला भाषण कुठलं येणार! तिनं बाजारात ओरडायच्या आवाजात सुरू केलं. “बायांनो, हात वर करा. हत्याराचा हात.” साठ-सत्तर हात वर झाले, हातांत कोयत्या, सुऱ्या, विळे. उन्हात ते एकदम चकाकले. खरं सांगायचं तर ते सुंदर दिसलं. आणि तेवढ्यात शिट्टी वाजली.

मी मारहाणीचं वर्णन करणार नाही. फार वेळ लागला नाही. आठ-दहाच शिपाई होते. बायका पळाल्या असत्या तर कोणाला लागलंही नसतं कदाचित. पण पाटी टाकून त्या पळेनात. मासळीवाली पाटी टाकून पळत नाही, आग लागली तरी नाही. पाट्या धरून त्या वाकल्या आणि वाकलेल्या पाठींवर काठ्या बसल्या. पाट्या उलटल्या. मांदेली मातीत विखुरली. घारी खाली आल्या. वहिनीच्या हातातून सुरी निसटली होती. ती उचलायला वहिनीनं हात पुढे केला आणि त्या हातावर काठी आली.

माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, “मास्तर, तुमची वहिनी ना ती?”

“हो,” मी म्हणालो. आणि उभा राहिलो.

सगळी हत्यारं एका गोणपाटात भरून चौकीवर नेली. कातरीन मावशीला आणि आणखी दोघींना दिवेलागणीपर्यंत बसवून ठेवलं, मग ताकीद देऊन सोडलं. मुंबईची बाई आली तेव्हा तळ्याकाठी कुत्री मासळी खात होती. ती थोडा वेळ तिथंच उभी होती, हातात चपला घेऊन.

वहिनी हात पदरात गुंडाळून चालत घरी आली. ऊन उतरायच्या आत तट्टे ओसरीत घ्यायचे होते. तिनं डाव्या हातानं एक बाजू धरली. दुसरी मी धरली. तट्टा तोलून नेताना सुकेळी एका बाजूला घसरतात, म्हणून दोघांना सारखं पाऊल टाकावं लागतं. आम्ही सारखं पाऊल टाकत होतो. ती म्हणाली, “भाऊजी, माझी सुरी परत देतील का हो?”

सुरी परत मिळाली नाही. कोणाचंच काही परत मिळालं नाही. बोटांना वैद्याचा लेप लावला, पट्टी बांधली. ती ताठ झाली ती झाली. कातरीन मावशीचा ओटा पुतण्याकडे गेला, आणि त्यानं तो दुसऱ्या कोणाला बसायला दिला. ती मग पाटी घेऊन दारोदार फिरायची. आमच्या दारीही यायची. एकदा मला म्हणाली, “मास्तर, तू तोंड का चुकवतोस? तू तर मी बोलली तसंच लिवलास. त्यांनाच वाचता येत नाय, त्याला तू काय करनार?” आणि एक पापलेट पानात गुंडाळून माझ्या हातात ठेवलं, माझ्या मुलासाठी.

तिच्या धर्मात पाद्र्याच्या कानात पाप सांगायची सोय आहे. तिच्यापाशी सांगायला मला एवढी सोयही लागली नसती, ती समोर उभी होती. मी पापलेट घेतलं आणि आत गेलो. दोन वर्षांपूर्वी ती वारली. तिच्या माघारी मी चर्चच्या अंगणात पुष्कळ वेळ उभा होतो. लोकांना वाटलं, मास्तरांना मावशीबद्दल माया होती. होतीही.

शाळेत मी दर वर्षी एका शब्दाचे अनेक अर्थ शिकवतो. ‘पान’ शिकवतो, ‘माळ’ शिकवतो, ‘वर’ शिकवतो. दोन अर्थांपैकी कुठला घ्यायचा ते कसं ओळखावं, असं मुलं विचारतात. मी सांगतो, बोलणाऱ्याच्या हाताकडे बघा, त्याच्या हातात काय आहे त्यावरून कळतं. मुलांना हे उत्तर आवडतं.

आता कमिटीचा नियम बदलला आहे. गाजावाजा न करता बदलला; कोणी सभा घेतली नाही, कोणी काठी उगारली नाही. ज्याच्या नावावर चिठ्ठी आहे त्यानं संमती लिहून दिली की ओटा घरातल्या बाईच्या नावावर होतो. माझी एक सही पुरे. पण सही करायला चिठ्ठी दाखवावी लागेल, आणि चिठ्ठीवर दादाचं नाव नाही, माझं आहे, आणि नावाखाली तारीख आहे. वहिनीला अक्षर येत नाही, पण कमिटीत कोणी ना कोणी मोठ्यानं वाचेल. सभेच्या आधीची तारीख. वहिनी गणितात कच्ची नाही.

दहा वर्षं तिला वाटत आलंय की ती नवऱ्याच्या ओट्यावर बसते. ती माझ्या ओट्यावर बसते आहे.

आणखी एक कबूल करतो. तिला वाचता येत नाही म्हणूनच हे लिहिणं मला जमलं. बोलायचं टाळायचं असलं की मी लिहितो, ही माझी जुनी खोड आहे. लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाही. बाहेर ती कोणाला तरी सांगते आहे, “भाऊजी लिहितायत, अर्जच असेल, आवाज करू नका.”

हा अर्ज नाही. अर्ज मी अजून लिहिलेला नाही. वहिनीचा ओटा मी वहिनीला देणं लागतो. आणि तो तिच्या हातात देण्याआधी, तो माझ्याकडे कसा आला आणि फौजदारानं मला काय विचारलं होतं, हे तिच्यासमोर बसून तोंडानं सांगणं लागतो. दोन्ही अजून दिलेलं नाही.